डाव्या हाताची जवारी

दर बुधवारी दुपारी दोन वाजता सिद्राम माळगे शिक्षा भोगायला झोपत असे.

मिरजेत जुन्या दूध संकलन केंद्राची इमारत होती, तिथे आता स्मरणकेंद्र झालं होतं. भिंतींना नवा रंग दिला तरी दमट दिवसांत तिथे अजून दुधाचा आंबूस वास यायचा. एका खोलीत खाट, शेजारच्या खोलीत आरामखुर्ची, मधे काच. सिद्राम खाटेवर आडवा व्हायचा आणि खुर्चीत जैबुनबी बसायची. दोघांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या असायच्या, मच्छरदाणीच्या तुकड्यातून शिवल्यासारख्या. हिरवे पडदे ओढले की खोलीत तळ्याच्या तळासारखा उजेड व्हायचा. ती आठवत बसायची, तो झोपायचा, आणि तिला आठवलेलं त्याच्या झोपेत उतरायचं. तीन वाजता दोघं उठायची, बाहेरच्या बाकावर चहा घ्यायची आणि आपापल्या वाटेने जायची. याला आता चार वर्षं दहा महिने होत आले होते.

नवख्याला वाटावं, एखादी म्हातारी भाच्याला घेऊन दवाखान्यात येते. पण सिद्रामच्या हातून जैबुनबीचा नवरा मेला होता.

नवऱ्याचं नाव दस्तगीर. तंबोरे बनवायचा. भोपळा पारखण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळं करायचा, पण त्याचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, तिची पाठ कानसीने केसाकेसाने घासून अशी करायची की तार नुसती वाजू नये, तिच्यातून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा स्वर उमलावा. या कामाचं नाव जवारी. मग तारेखाली सुती दोरा सरकवून तो स्वर नेमका जागी धरायचा. चार-सहा बोटं लांबीच्या लाकडावरचं काम, पण त्यात माणसाचं आयुष्य जातं. दस्तगीरचं गेलं होतं.

हाताने चालवायचे टेम्पो तेव्हा मोडीत निघत होते. नवे, आपोआप चालणारे येणार म्हणून मालक जुन्यांच्या ब्रेककडे बघत नव्हते. सिद्रामला त्याच्या टेम्पोचा ब्रेक सैल आहे हे माहीत होतं. ‘एवढी एकच खेप,’ असं म्हणून त्याने टेम्पो काढला, आणि उड्डाणपुलाच्या उतारावर सायकलवरून येणारा दस्तगीर, सायकलच्या मागे बांधलेल्या भोपळ्यासकट, त्याच्यासमोर आला.

सिद्रामने कोर्टात गुन्हा कबूल केला. न्यायाधीशबाईंनी जैबुनबीला विचारलं, “आजी, नवीन कायदा आहे. तुमची आणि याची, दोघांची संमती असेल तर याला तुरुंगाऐवजी स्मरणशिक्षा देता येते. तुमचे पती कोण होते, हे याला तुमच्या आठवणींतून पाच वर्षं भोगावं लागेल. हा घरी राहील, मजुरी करेल, पण तालुका सोडणार नाही आणि गाडी चालवणार नाही. तुरुंग हवा असेल तर तसं सांगा.”

जैबुनबीला त्या क्षणी आपला रसूलमामा आठवला होता. तिच्या लहानपणी मामाला मारामारीत सात वर्षांची सजा झाली होती. आईबरोबर डबा घेऊन ती तुरुंगाच्या भिंतीशी उभी राहायची. भिंत दुपारी इतकी तापायची की पाठ टेकवत नसे. मामा सुटून आला तो सतरंज्या विणायला शिकून. पण घराचं दार सताड उघडं असलं तरी तो उंबऱ्याशी थांबायचा, कुणी ‘ये’ म्हणेपर्यंत. मरेपर्यंत थांबायचा. ज्याचं डोकं त्याने फोडलं होतं, त्याचं नावही त्याला धड सांगता यायचं नाही.

तिने न्यायाधीशबाईंना सांगितलं, “कोंडून काय होणार? याला कळू दे, कोण मेलं ते.”

दयेने नव्हे, रागाने म्हणाली होती.

केंद्राच्या डॉक्टर रोहिणी वाघमोडे. त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. “चाची, आठवण म्हणजे कपाटातला फोटो नाही. भिंतीचा गिलावा समजा. आपण आठवतो तेव्हा तो पुन्हा ओला होतो, आणि चार-सहा तासांत पुन्हा सुकतो. ओला असताना ही जाळी त्याचा ठसा घेते. झोपलेल्या माणसाचा मेंदू दिवसभराचं साठवत असतो, त्यातच आपण हा ठसा मिसळतो. उठल्यावर त्याला ते स्वप्नासारखं नाही, घडल्यासारखं आठवतं.”

“आणि माझ्या गिलाव्याचं काय?”

डॉक्टर हसल्या. “हुशार आहात. दर वेळी ठसा घेताना थोडा थर निघतो. कपडा धुतला की रंग जातो, तेवढा. म्हणून नियम आहे, एक आठवण तीनदाच द्यायची.”

पहिल्या वर्षी सिद्राम बाहेर आला की बाकावर डोकं धरून बसायचा, चहाला शिवायचा नाही. जैबुनबी समोर बसून आपला चहा सावकाश, बशीत ओतून प्यायची. तिला बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी तिला तेवढं बरं वाटेनासं झालं. तिसऱ्या वर्षी एका बुधवारी त्याने मान खाली घालून विचारलं, “चाची, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधताना ते उलटी गाठ का मारायचे?”

“तारेची गाठ. हाताला तीच सवय,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, दस्तगीरबद्दल इतकं बारीक विचारणारं दुसरं माणूस या जगात उरलेलं नाही.

तेव्हापासून बुधवार वेगळा झाला. सिद्राम सांगायचा, “बाजारात गेलो तर भोपळ्याला टिचकी मारून कान लावला. भाजीवाली म्हणते, माळगे, भाजी करायचीय की स्थळ बघायला आलाय? आमची ही, गौरव्वा, सोबत होती. तिने लाजून पदर तोंडावर घेतला.”

“मग कसा होता भोपळा?”

“कोवळा. दुधी आवाज.”

“घ्यायचा नाही. वर्षभर वाळला तरी तो रडका राहतो.”

“माहितीये,” सिद्राम म्हणायचा, आणि दोघं आपापल्या कपात बघायची. कारण त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आषाढातल्या एका बुधवारी खुर्चीत टेकून जैबुनबीने तिची सगळ्यात आवडती दुपार काढली. पुढची खोली. खिडकीतून उन्हाची तिरीप, तिच्यात लाकडाची पूड तरंगतेय. दस्तगीर चटईवर, मांडीवर तंबोरा. त्याचा निळा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आणि बाह्यांच्या पुढे काही नव्हतं.

तिने पुन्हा बघितलं. बाह्या होत्या, कानस होती. मधे हात हवेत तिथे नुसतं ऊन होतं. खोली सगळी जागच्या जागी, आणि कुणीतरी त्या हातांवरून ओलं फडकं फिरवल्यासारखं.

बाकावर ती आली तेव्हा तिचा चहा निवला होता.

“सिद्राम, जवारी काढताना त्यांचे हात कसे असायचे, सांग.”

त्याने चमकून बघितलं. बाई परीक्षा घेते असं त्याला वाटलं असावं. “कानस पेनासारखी नाही धरत ते. पिठलं ढवळायला पळी धरावी तशी, सैल. तीन हात फिरवतात, फुंकर मारतात. तार जागेवर बसवतात, छेडतात. मग कान भोपळ्याला लावून एक डोळा मिटतात. आणि विचारतात, ‘कशी?’”

“कुणाला विचारतात?”

“मला. मी तांदूळ निवडत असतो... म्हणजे तुम्ही असता. मान वर न करता म्हणता, ‘अजून एक हात.’”

तिने पदराने तोंड पुसलं. खरंच, दस्तगीर जन्मभर तिच्या कानावर काम करत आला होता. तो तासायचा आणि ती ऐकायची. बाजारात नाव त्याचं होतं, पण ‘झाली’ म्हणायचा हक्क तिचा होता.

हातांचं ऐकून डॉक्टरांनी नोंदी काढल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. “चाची, तुम्ही अकरा वेळा तंबोरा दिलात. दर वेळी वेगळ्या नावाने. सांगलीच्या बाईंचा तंबोरा, धारवाडच्या बुवांचा तंबोरा...”

“वेगवेगळेच होते.”

“दुपार एकच होती.”

जैबुनबीने कबूल काय करायचं? बाकीच्या आठवणी देताना शिक्षा दिल्यासारखं वाटायचं, आणि ही देताना तासभर त्याच्यासमोर बसल्यासारखं. गोड म्हणून ती पुनःपुन्हा चाखत राहिली, आणि उसाचं चिपाड झालं.

श्रावणात टपालाने कागद आला. पाच वर्षं दसऱ्याच्या सुमारास पुरी होत होती. कायदा म्हणत होता की शिक्षेला शेवट हवा. म्हणून मुदत पुरी होईल त्या शनिवारी सिद्रामच्या डोक्यात उतरवलेल्या सगळ्या आठवणी धुऊन काढल्या जातील. काय केलं ते त्याला माहीत राहील, पण मेलेला माणूस त्याच्यात राहणार नाही. खाली दोन चौकोन होते. ‘संमती’ आणि ‘मुदतवाढ, दोन वर्षे’.

हुबळीहून इलियासचा, तिच्या मुलाचा फोन आला. “अम्मी, मुदतवाढीवर खूण कर.”

“तुला अजून राग आहे का त्याचा?”

“राग कसला,” इलियास म्हणाला. त्याच्यामागे रेल्वेच्या वर्कशॉपचा खणखणाट चालू होता. “अब्बांचं माझ्याकडे काय आहे? मी दहा वर्षांचा असताना मामूकडे शिकायला आलो. तुझ्याकडचं झिजलं म्हणतेस. मग त्या माणसाकडेच आहेत ना ते? राहू दे दोन वर्षं.”

तिलाही नेमकं हेच हवं होतं. म्हणून तिने फोन ठेवल्यावर लगेच खूण केली नाही. जे आपल्याला इतकं हवंसं वाटतं ते एकदा उलटून बघावं, असं तिची आई म्हणायची.

बुधवारी तिने सिद्रामला सरळ विचारलं, “तुला काय हवंय?”

“मला विचारायचं नसतं, चाची. कायद्यात नाही.”

“कायदा चहा प्यायला बसलाय का इथे? मी विचारतेय.”

त्याने कप बाकावर ठेवला. “परवा लेकीने विचारलं, बाबा, तुमच्या लग्नात मंडप कसा होता. मी सांगायला लागलो, हिरवी कनात, अत्तरदाणी, दारात दोन केळीचे खांब. गौरव्वा आतून आली. म्हणाली, अहो, आपल्या लग्नाला मंडपच नव्हता. मठात लागलं आपलं लग्न.” तो हातांकडे बघत राहिला. “आठवायला जातो माझं, आणि दिसतं तुमचं. गौरव्वाचा नवरीचा चेहरा शोधतो तर आरशात तुम्ही. वाईट नका वाटून घेऊ.”

“अजून सांग.”

“सांगायचं असं की, दुसरीकडून जीव तुटतो. त्या शनिवारी धुतलं म्हणजे मी त्यांना दुसऱ्यांदा मारलं.”

जैबुनबीने उरलेला चहा बशीत ओतून संपवला. समोरच्या पिंपळावर ऊन हलत होतं. मग म्हणाली, “पहिल्यांदा मला विचारलं नव्हतंस. या वेळी सही माझी आहे.”

आणि ती उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली. “बाई, एक सांगा. तुमची जाळी सगळं धुते?”

“आम्ही जे उतरवलं तेवढंच. खुणेच्या धाग्यासारखं ते वेगळं ओळखू येतं.”

“आणि तो जागेपणी, आपल्या हाताने काही शिकला तर?”

डॉक्टर थबकल्या. “ते त्याचं. शिवाय हाताची सवय मेंदूत वेगळ्याच कोपऱ्यात राहते, मागे, लहान मेंदूत. माणूस नाव विसरतो पण सायकल विसरत नाही, ते त्यामुळे. तिथे आमची जाळी पोचतच नाही.”

“कानाचंही तसंच?”

“बहुतेक. का हो?”

“काही नाही,” जैबुनबी म्हणाली. “आठ आठवडे आहेत ना अजून?”

दस्तगीरचा शेवटचा तंबोरा पाच वर्षं खुंटीला होता. सगळा तयार, तारा चढवलेल्या, फक्त जवारी बंद, उघडायची राहिलेली. छेडला तर पाट ठोकल्यासारखा वाजायचा. गल्लीतल्या दोन-तीन कारागिरांनी करून देतो म्हटलं होतं, तिने हात लावू दिला नव्हता. आता तिने बोलावलं म्हणून सिद्राम हमाली आटोपून रोज दुपारी यायला लागला. तो चटईवर बसायचा, ती समोर. सरावाला तिने जुन्या घोड्यांचा डबा आणि तडा गेलेला एक जुना तंबोरा काढून दिला.

पहिल्याच दिवशी त्याने कानस उचलली आणि ती पुढे वाकून बघू लागली. धरणं सैल, अगदी सांगितलं होतं तसं. पण काहीतरी उलटं होतं.

“तू डावखुरा आहेस का रे?”

“नाही चाची. जेवतो, लिहितो उजव्यानेच.”

“मग कानस डाव्या हातात का?”

सिद्रामने हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. कानस उजव्या हातात घेतली, दोन हात फिरवले. ती लाकडावर घसरली. पुन्हा डाव्यात घेतली. सरळ गेली. “ते असंच करतात,” तो गोंधळून म्हणाला. “या बाजूच्या हाताने.”

जैबुनबीला आधी हसू आलं. हसता हसता तिचे डोळे भरले. दस्तगीर कानस उजव्या हातात धरायचा. पण सिद्रामने त्याला शेजारी बसून पाहिलं नव्हतं, मागे उभं राहूनही नाही. समोरून, तांदळाच्या ताटामागून पाहिलं होतं. चाळीस वर्षं ती जिथे बसत आली, तिथून.

“काय झालं, चाची?”

“काही नाही. डाव्यानेच कर.”

त्याने पाच घोड्या बिघडवल्या. सहावी जरा बोलली आणि पुन्हा मुकी झाली. त्याला हात दिसत होते पण स्वर कधी आला ते कळत नव्हतं. तिला हात दिसत नव्हते पण कान जागच्या जागी होता. तो विचारायचा “कशी?” आणि ती म्हणायची “नाकात बोलते,” किंवा “पंचम उघडला, खर्ज अजून झोपलाय,” किंवा नुसतं “अजून एक हात.” कधी चिडून म्हणायची, “खवणीवर नारळ खवतोस का?” मग तो फुंकर मारून पुन्हा लागायचा. बाहेर दुपार सरत असायची, लाकडाची पूड उन्हात तरंगत असायची, आणि कधीकधी दोघांनाही आपण नेमके कोण आहोत ते क्षणभर आठवायचं नाही.

सातव्या आठवड्यात एक साधी घोडी मनासारखी उघडली. खुंटीवरचा तंबोरा मात्र त्याने मागितला नाही आणि तिने काढला नाही.

धुण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिने ‘संमती’च्या चौकोनात खूण केली आणि इलियासला कळवलं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, “म्हणजे अब्बा गेले.” तिने विचारलं, “दिवाळीच्या सुट्टीत येतोस का? तुला काहीतरी ऐकवायचंय. अजून झालेलं नाही, पण होईल.”

शनिवारी धुणं झालं. सिद्राम बाहेर आला तो हलका होऊन, सर्दी उतरलेल्या माणसासारखा. बाकावर जैबुनबी होती. त्याने वाकून नमस्कार केला.

“चाची, मला सगळं माहितीये. मी काय केलं ते. तुमच्या घरी शिकायला येतो तेही. फक्त...” तो शोधत राहिला. “त्यांचा चेहरा आत्ता होता. कागदावर नाव वाचल्यासारखं झालंय.”

“लग्न कुठे झालं तुझं?”

“मठात,” तो पटकन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. “गौरव्वाने मोतिया रंगाचं नेसलं होतं.”

“जा घरी. तिला सांग.”

तो पुन्हा येईल असं तिने धरलं नव्हतं. शिक्षा संपली होती, ड्रायव्हरचा परवानाही महिन्याभरात मिळणार होता. पण सोमवारी दुपारी दाराशी चपला वाजल्या. दार उघडं होतं. तो उंबऱ्याशी थांबला नाही, सरळ आत आला.

“राहिलंय ना काम?” म्हणाला, आणि खुंटीकडे बघितलं.

तिने तंबोरा उतरवून दिला. तो चटईवर बसला. चहाचा कप उजव्या हाताने बाजूला सारला, घाम उजव्या हाताने पुसला, आणि कानस डाव्या हातात घेतली.

“हे एक कळत नाही बघा,” तो तार बाजूला करत म्हणाला. “बाकी सगळं उजव्याने, आणि या कामाला डावाच हात येतो. तुम्ही असंच शिकवलंत का?”

जैबुनबीने उभ्या जन्मात कानस धरली नव्हती. “हो,” ती म्हणाली.

तांदळाचं ताट घ्यायला ती कपाटाकडे वळली. कपाटाच्या दाराला लग्नातला आरसा होता, कडांना पारा उडालेला. तिने वर बघितलं आणि ताट तसंच हातात राहिलं. आरशात पुढची खोली होती, उन्हाची तिरीप होती, आणि चटईवर बसलेल्या माणसाचा डावा हात आरशाने उजवा केला होता. सैल धरलेली कानस. तीन हात. फुंकर. चेहरा भोपळ्यावर वाकलेला, दिसत नव्हता. कोपरापासून बोटांपर्यंत, जिथे इतके दिवस नुसतं ऊन होतं, तिथे हात होते. हे तिला आठवत नव्हतं. हे समोर चाललं होतं.

तार जागेवर बसली. त्याने छेडली. स्वर आधी लाकडातून निघाला, मग लाकूड मागे राहिलं आणि खोली भरत गेली. ताटातले तांदूळही बारीक थरथरल्यासारखे तिला वाटले.

“कशी?” त्याने विचारलं.

जैबुनबी आरशाकडेच बघत राहिली. मान वळवली नाही.

“थांब,” ती म्हणाली. “झाली. आता हात लावू नकोस.”